मागची बाजू कुणी वाजवत नाही

१

ही गोष्ट मी आजवर ज्याला ज्याला सांगितली, त्यातल्या एकाचाही तिच्यावर विश्वास बसलेला नाही. आणि तुमचा बसला तर मला माझीच शंका येईल. पण आधी हे हात बघा. पर्ल, तो सूपचा वाडगा जरा बाजूला कर आणि बघ. या अमेरिकेत असं एक घर नाही, अशी एक मोटार नाही, जिथे हे हात वाजले नाहीत. गाण्यांच्या मागे टाळ्या ऐकता ना तुम्ही? त्या वाजवायला एक माणूस लागतो. तो माणूस मी, लेझर पिन्स्कर.

"हात गाण्यामागे वाजले की कुणाच्या कानाखाली?" पर्लने विचारलं.

दोन्हीकडे. पण आज गाण्याचंच सांगतो.

माणूस चंद्रावर जाऊन आला, त्या सालची गोष्ट. ब्रॉडवेवर एका उंच इमारतीत मर्व्ह झुकरब्रॉटचं ऑफिस होतं. मर्व्ह गाणी काढायचा. लिहायचा नाही, गायचा नाही, पियानोला बोट लावायचा नाही. नुसती काढायचा, डॉक्टर दाढ काढतो तशी. पोरांनी च्युइंगगम चघळावं तशी चघळायची गाणी. गोड, चिकट, आणि चव गेली की थुंकून दुसरं तोंडात टाकायचं. आधी तो ब्रुकलिनमध्ये बापाच्या दुकानात लोणची विकायचा, मग लग्नाच्या हॉलांना खुर्च्या भाड्याने द्यायला लागला. खुर्च्यांवरून गाण्यांवर कसा आला ते तो प्रत्येकाला वेगवेगळं सांगायचा. एक मात्र कायम सांगायचा: "गाणं चालणार असेल तर माझ्या पोटात गुदगुल्या होतात. दुसऱ्या कुणाला विचारायची गरज पडत नाही." आणि खरंच, तो म्हणेल ते गाणं चालायचं. वर्तमानपत्रात त्याच्या पोटाचा फोटो आला होता.

त्या वर्षी मर्व्हचे पाच बँड गाजत होते, आणि पाचांपैकी एकही अस्तित्वात नव्हता. वेष्टनावर चार गोजिरवाणी पोरं छापायची, ती मर्व्ह केसांवरून निवडायचा. आत गायची ती इल्डा. इल्डा क्विन्योनेस, ब्राँक्समधली पोर्तो रिकन, दोन मुलांची आई. टेप जरा जोरात पळवली की तिचा आवाज शाळकरी पोरीचा व्हायचा. पाचही बँडांत तिचा गळा आणि माझे हात. लोक बोलावतील तिथे मर्व्ह वाटेल त्याला बँड म्हणून धाडायचा. क्लीव्हलंडला तर मीच ड्रमवाला होऊन गेलो. महापौरांनी मला शहराची मानाची किल्ली दिली.

"ती कुठे लागते?" पर्लशेजारी बसलेल्या सोलने विचारलं.

कुठेच लागत नाही. मी सगळीकडे लावून पाहिली.

तर इल्डाच्या मुलाने एकदा वर्गात सांगितलं, रेडिओवर गाते ती माझी आई आहे. बाईंनी त्याला खोटं बोलतोस म्हणून कोपऱ्यात उभं केलं. त्या दिवसापासून इल्डाने धोशा लावला, माझं नाव छापा. एकदाच, पण छापा. बऱ्याच कटकटीनंतर मर्व्ह कबूल झाला. नवं गाणं होतं 'बटरकप बस'. त्याच्या तबकडीच्या मधल्या गोल कागदावर बँडच्या नावाखाली इल्डाचं नाव येणार होतं. शुक्रवारी तो कागद छापायला जायचा होता.

गुरुवारी सकाळी आम्ही सगळे ऑफिसात जमलो होतो. मर्व्ह बेगल, म्हणजे मधे भोक असलेला गोल पाव, खात होता. रेडिओवर कार्माइन स्पोर्टेलीच्या बँडचं नवं गाणं लागलं. कार्माइन म्हणजे मर्व्हचा जानी दुश्मन, दोन इमारती सोडून बसायचा. त्याचाही बँड अस्तित्वात नव्हता, पण आमच्यापेक्षा जरा जास्त नव्हता.

पहिल्या दोन ओळींतच इल्डाच्या हातातला कप थांबला. शब्द वेगळे होते, पोरं आकडे मोजतात तसले; पण चाल सरळसरळ 'बटरकप बस'ची. आमचं गाणं अजून बाजारात आलं नव्हतं. फक्त आमच्या गाण्यात जिथे "बीप-बीप, बटरकप!" येतं, तिथे कार्माइनची पोरं भलतंच काहीतरी ओरडत होती: "पक्रटब, पीब-पीब! शूऽप्!"

"ती शेवटची बडबड त्याची," मर्व्ह म्हणाला, आणि बेगल त्याच्या हातातून टेबलावर पडला. "पण चाल माझी आहे. कुणीतरी विकलीय."

वादकांना तो कधीच अख्खं गाणं कळू द्यायचा नाही, तुकडे तुकडे वाजवून घ्यायचा. अख्खं गाणं ठाऊक असलेली माणसं त्या खोलीतच होती. मर्व्हने एकेकाकडे पाहिलं आणि त्याची नजर इल्डावर येऊन थांबली.

"मागच्या आठवड्यात तू कार्माइनच्या इमारतीत काय करत होतीस?"

२

इल्डा उठली. कप खाली ठेवला, पर्स उचलली आणि निघून गेली.

"बघितलंत?" मर्व्ह म्हणाला. "चोराचं नाव मी माझ्या तबकडीवर छापणार नाही. कागदावरून ते काढा."

"मर्व्ह, उद्यापर्यंत थांब," मी म्हणालो. "कुणी विकलं ते मी शोधून काढतो."

"तू? लेझर, तू टाळ्या वाजवतोस!"

"म्हणून तर. तुम्ही सगळे गाता, वाजवता, ओरडता. त्या खोलीत नुसतं ऐकायला रिकामा असतो तो मी एकटा."

त्याने हात झटकले, ते मी होकार समजलो.

पहिला गाठला तो हॉवी बर्डिक, गाण्याचे शब्द लिहिणारा. हा मनुष्य दिवसा टूथपेस्टच्या जाहिराती लिहायचा आणि उरलेल्या वेळात आमची गाणी. कधीकधी दोन्हींत गल्लत व्हायची. खालच्या कॉफीच्या दुकानात तो कोपऱ्यात पाठ करून बसला होता. मला पाहिल्यावर हातातला कागद त्याने घाईघाईने बशीखाली सरकवला.

"हॉवी, कार्माइनबरोबर तुला मागच्या आठवड्यात जेवताना पाहिलं लोकांनी."

"लोकांना कामधंदा नाही का?"

"तू काय विकलंस त्याला?"

हॉवी कानापर्यंत लाल झाला. मग इकडे तिकडे बघून कुजबुजला, "मर्व्हला सांगू नकोस. कांगारू विकला."

"काय?"

"कांगारूवरचं गाणं. मर्व्हच्या पोटात त्याने गुदगुल्या झाल्या नाहीत. मग मी काय करू, कांगारूला उपाशी मारू?" त्याने बशीखालचा कागद दाखवला. त्यावर खरोखर कांगारू होता, आणि 'उडी'ला यमक सापडलेलं नव्हतं. "आणि मला सांग, 'पक्रटब' हा शब्द मी लिहीन का? मी विद्यापीठात शिकलोय!"

गडी घाबरट होता, पण घाबरट माणूस चोरीचा माल विकत नाही असं कुठे आहे? त्याला मी मनातल्या मनात संशयितांत ठेवला आणि इल्डाला शोधायला निघालो.

ती सातव्या अॅव्हेन्यूवर बसच्या थांब्यावर उभी होती. बसेस येत होत्या, जात होत्या. ही चढत नव्हती.

"तू पण आलास का झडती घ्यायला?"

"इल्डा, गेली होतीस का नाहीस, एवढंच सांग."

"गेले होते." तिने मान वर केली. "मर्व्ह शब्द पाळेल याची मला खात्री नव्हती. म्हणून कार्माइनला विचारायला गेले, तुझ्यासाठी गायले तर तू माझं नाव छापशील का?"

"मग?"

"तो हसला. म्हणाला, ताई, लोकांना वाटतं बारा वर्षांची पोरगी गातेय, तिथे मी कुण्या दोन लेकरांच्या आईचं नाव छापू? बाहेरचा रस्ता दाखवला."

"हे मर्व्हला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? तुमच्यावर विश्वास नव्हता म्हणून शत्रूच्या दारात भीक मागायला गेले? चोर म्हणतोय तेच बरं की त्यापेक्षा."

मला तिचं पटलं. पण माझा तिच्यावर जीव होता, आणि जिच्यावर जीव असतो तिचं पटणं हा काही पुरावा नव्हे.

"लग्न का नाही केलंस तिच्याशी?" पर्लने विचारलं.

तिने विचारलं नाही म्हणून. सूप खा.

३

उरला स्टाव्ह्रोस, आमचा टेप फिरवणारा ग्रीक. त्याला सगळे स्टॅव्ह म्हणायचे. स्टुडिओची चावी फक्त त्याच्याकडे. मी गेलो तेव्हा तो यंत्रापाशी बसून डब्यातलं चीज खात होता.

"मी चोरलं असं म्हणायला आलास ना?" त्याने न वळता विचारलं. "म्हण आणि जा."

"गाण्याची टेप कुणाला ऐकवलीस?"

"कुणाला नाही. ती इथे कुलपात आहे. तिच्यावरून नमुन्याची एकच तबकडी कापली, वर नावाचा कागदसुद्धा न चिकटवलेली. ती मर्व्ह घेऊन गेला. घरच्या तिजोरीत ठेवली म्हणाला."

"दोन्ही बाजू भरून?"

"दोन्ही बाजू. पुढे गाणं, मागे नेहमीचा कचरा."

हा कचरा म्हणजे मर्व्हची खास युक्ती. रेकॉर्डला पाठ असतेच, ती कोरी सोडता येत नाही. पण मागे जरा बरं गाणं भरलं आणि एखाद्या रेडिओवाल्याने तेच लावलं तर पुढच्या गाण्याचा बळी जातो. म्हणून मर्व्ह मागे पुढचंच गाणं उलटं भरायचा. टेप शेवटाकडून सुरुवातीकडे पळवायची की झालं. वर त्याला एखादं अगम्य नाव द्यायचं. कोणताही शहाणा माणूस ते ऐकून ताबडतोब सुई उचलणार.

"ते उलटं कसं ऐकू येतं रे?" मी विचारलं.

"मला काय ठाऊक? स्पीकर बंद ठेवून भरतो मी. मागची बाजू कुणी वाजवत नाही, लेझर. मर्व्हने पण कधी ऐकलेली नाही."

मी हताश होऊन बसलो. स्टॅव्हकडे छोटा रेडिओ होता, त्यावर पुन्हा कार्माइनचं तेच गाणं लागलं. दर थोड्या वेळाने लागतच होतं मेलं. माझे हात सवयीने टाळ्या द्यायला उठले. चालीवर बरोबर पडत होते. पण "पक्रटब, पीब-पीब" आलं आणि हात अडखळले. तिथे आमच्या गाण्यात माझी दणदणीत टाळी होती. कार्माइनच्या गाण्यात मात्र पोरं तोंडाने आवाज काढत होती: "शूऽप्!" हळू सुरू होऊन फुगत जाणारा आणि एकदम तुटणारा.

टाळी कशी असते? आधी फटका, मग त्याचा विरत जाणारा घुमारा. आयुष्यभर टाळ्या वाजवलेल्या माणसाला ही गोष्ट झोपेतही कळते. मग आधी घुमारा आणि शेवटी फटका, अशी टाळी कुठली?

मी रेडिओ बंद केला.

"स्टॅव्ह, मागची बाजू लाव. आणि या खेपेला स्पीकर चालू ठेव."

४

यंत्र फिरलं. इल्डाचा आवाज आला, पण जणू ती श्वास आत ओढत गात होती. चढणारे सूर घरंगळत खाली येत होते. आणि मग स्वच्छ, स्पष्ट: "पक्रटब, पीब-पीब! शूऽप्!"

ती माझी टाळी होती. उलटी.

स्टॅव्हच्या हातातलं चीज तसंच राहिलं. मी हळूच उठलो आणि दाराला पाठ लावून उभा राहिलो.

"मर्व्ह म्हणतो चाल चोरली, बडबड कार्माइनची," मी म्हणालो. "अरे, बडबडही चोरलेलीच आहे! आणि ही बाजू भरणारा जगात तू एकटा."

"मी नाही."

"मग कोण?"

"लेझर, टाळ्या वाजवून डोक्याला घट्टे पडलेत का तुझ्या?" तो ओरडला. "मला ठाऊक आहे की हे उलटं गाणं आहे. चोरलेली चाल विकताना ही ओरड मी आत ठेवेन? उद्या कुणीही टेप उलटी फिरवून मला पकडेल. चोरलेल्या घोड्यावर मालकाच्या नावाची झूल कुणी घालतं का?"

मी दारापासून बाजूला झालो. त्याचं बरोबर होतं, आणि त्या बरोबरमधूनच पुढचा रस्ता निघाला. उलटं आहे हे ज्याला ठाऊक, तो ते कधीच वापरणार नाही. ज्याने वापरलं त्याला ते गाणंच वाटलं. आणि आवडलं! मागची बाजू ऐकून सुई न उचलणारा, उलट ती पुन्हा पुन्हा लावून पाठ करणारा असा प्राणी कोण? ज्याला पुढची कुठली नि मागची कुठली हेच कळत नाही. तबकडीवर तर नावाचा कागदच नव्हता.

तसाच स्टॅव्हला आणि टेपला घेऊन ऑफिसात गेलो. इल्डाला बसच्या थांब्यावरून ओढत घेऊन गेलो. हॉवीही होता. मर्व्ह खिडकीशी उभा राहून पोटाचं औषध घेत होता.

"मर्व्ह, नमुन्याची तबकडी आण."

"कशाला? ती तिजोरीत आहे."

"मग तिजोरीतून आण. मी टॅक्सी बोलावतो."

"किल्ली बायकोकडे आहे. बायको न्यू जर्सीला गेलीय."

"फोन कर."

मर्व्हने औषधाची बाटली खाली ठेवली. त्याच्या चेहऱ्याचा रंग बेगलवरच्या चीजसारखा झाला होता. सगळ्यांच्या लक्षात आलं, पण इल्डा बोलली.

"तबकडी तुमच्याकडे नाहीच आहे. कुणाला दिलीत, मिस्टर झेड?"

५

मर्व्ह खुर्चीत बसला तो जणू कुणी हवा काढून घेतल्यासारखा.

"बहिणीच्या पोरींना," तो म्हणाला. "ब्रुकलिनमध्ये, फ्लॅटबुशला. वाढदिवस होता."

पुढचं त्याच्याकडून चिमट्याने काढावं लागलं. पोटातल्या गुदगुल्या वगैरे सगळं थोतांड होतं. पहिल्यापासून प्रत्येक गाणं तो बहिणीच्या पोरींना नेऊन ऐकवायचा. त्यांनी पुन्हा लावा म्हणून हट्ट केला तर गाणं बाजारात, कंटाळल्या तर कचऱ्यात. अमेरिकेत गाजलेल्या त्याच्या एकूण एक गाण्याची निवड त्या फ्रॉकवाल्या पोरींनी केली होती. या खेपेला त्यांनी तबकडी सोडायलाच नकार दिला, रडून घर डोक्यावर घेतलं, म्हणून हा ती तिथेच ठेवून आला.

"मी पुढचीच बाजू लावली होती," मर्व्ह म्हणाला. "शपथ."

"आणि तुमची पाठ वळल्यावर त्यांनी उलटवली," इल्डा म्हणाली. "चाल पुढची उचलली, ओरड मागची. मुलं उलटवतातच. माझी पण उलटवतात."

"पण कार्माइन माझ्या बहिणीच्या घरी कशाला जाईल?"

ते कार्माइनच सांगू शकत होता. आम्ही सगळे खाली उतरून दोन इमारती चालत गेलो. कार्माइन टाय सैल करून बसला होता. मर्व्हला दारात पाहून त्याने आधी जड पेपरवेट हाताशी घेतलं.

"चाल कुठून उचललीस?" मर्व्ह गरजला.

"उचलली? रस्त्यावरून!" कार्माइन म्हणाला. "माझी सासू राहते फ्लॅटबुशला. दर रविवारी आम्ही जेवायला जातो. मागे एकदा जेवून पायऱ्यांवर बसलो होतो, तर समोर फुटपाथवर पोरी दोरीच्या उड्या मारतायत आणि हे गातायत. पक्रटब पीब-पीब. मी विचारलं, गाणं कुणाचं? म्हणाल्या, कुणाचंच नाही, उड्यांचं आहे. मर्व्ह, उड्यांच्या गाण्याला मालक असतो का कधी? तूही उचलतोस, मीही उचलतो. शंभर वर्षं जुनं असेल असं वाटलं मला!"

मर्व्हला खरं तर हसू यायला हवं होतं. आयुष्यभर तो फुटपाथवरच्या पोरींची गाणी उचलून त्यांनाच विकत आला. या वेळी त्याचं गाणं बाजारात पोचायच्या आधी फुटपाथवर पोचलं, इतकंच. पण त्याच्या डोळ्यांपुढे उद्याची वर्तमानपत्रं नाचत होती: झुकरब्रॉटचं पोट खोटं.

स्टॅव्हने कार्माइनसमोर टेप सरळ फिरवली, मग उलटी फिरवली, आणि मर्व्हला भाच्यांचं सगळं कबूल करावं लागलं. कार्माइनने पेपरवेट ठेवून दिलं. भला माणूस होता. आपलं गाणं मागे घेतो म्हणाला. "पण मर्व्ह, पोटाचं कुणाला कळू द्यायचं नसेल तर..."

"नाही कळणार," इल्डा म्हणाली. सगळे तिच्याकडे वळले. "आमच्यातला कुणी बोलणार नाही. तुमच्या नावाला धक्का लागणार नाही, मिस्टर झेड. आता माझ्या नावाचं बोला."

मर्व्हने मान खाली घातली.

"मग?" सोल म्हणाला. "बोल की पुढे. छापलं का?"

पर्लचा चमचा केव्हाचा वाडग्यात पडून होता. आमच्या या म्हाताऱ्यांच्या टेबलावर ती सगळ्यात लहान. मघापासून तिने एकही टोमणा मारला नव्हता.

छापलं का म्हणून काय विचारतोस! शुक्रवारी सकाळी मी स्वतः इल्डाला घेऊन छापखान्यात गेलो. शाई ओली होती. पिवळ्या गोल कागदावर बँडचं नाव बारीक, आणि त्याखाली ठसठशीत सोनेरी अक्षरांत, इल्डा क्विन्योनेस! 'बटरकप बस' कॅनडापासून मेक्सिकोपर्यंत गाजली. प्रत्येक तबकडीवर तिचं नाव, प्रत्येक घरात तिचं नाव. शाळेतल्या त्या बाईंनी सगळ्या वर्गासमोर पोराची माफी मागितली, आणि तिच्या बिल्डिंगीतल्या बायका कोंबडी-भाताची पातेली घेऊन...

"खोटं," पर्ल म्हणाली.

काय खोटं?

"ती तबकडी माझ्याकडे होती. मी आणि माझ्या बहिणीने ती झिजेपर्यंत वाजवली. कागद पिवळाच होता, पण त्यावर एक बस होती आणि बँडचं नाव होतं, बस्स. वेष्टनावरच्या त्या चार पोरांतलं गातं कोण, यावरून आम्ही एकमेकींच्या झिंज्या उपटल्या आहेत. इल्डा हे नाव मी आज, या टेबलावर, तुझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकतेय, लेझर."